कन्नमवार, मारोतराव सांबशिव
(१० जानेवारी १९०० – २४ नोव्हेंबर १९६३). महाराष्ट्राचे दुसरे मुख्यमंत्री आणि त्या पदावर बसलेले पहिले वैदर्भीय. चांदा (आताचा चंद्रपूर) जिल्ह्यात ते दादासाहेब म्हणूनच ओळखले जात. ‘कर्मवीर’ ही उपाधीही लोकांनी त्यांच्या नावामागे लावली. मूळ गाव मूल तालुक्यातील मारोडा. घराणे बेलदार समाजाचे, घरी गरिबी. पोटासाठी त्यांनी वर्तमानपत्रे विकली. जमीनजुमला, वकिली, सहकारी कारखाना यांपैकी कशाचाही आधार त्यांच्या राजकारणाला नव्हता. स्वातंत्र्यलढा, तुरुंगवास आणि जंगलपट्ट्यातल्या गावोगावी केलेले काँग्रेसचे काम एवढ्या भांडवलावर ते उभे राहिले.

१९५२नंतर जुन्या मध्य प्रदेशात रविशंकर शुक्ल यांच्या मंत्रिमंडळात त्यांच्याकडे आरोग्य खाते होते. १९५६ साली विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि नागपूरला रुळलेल्या या नेत्याला मुंबईत नव्याने पाय रोवावे लागले. १९६० साली महाराष्ट्र झाल्यावर यशवंतराव चव्हाणांच्या मंत्रिमंडळात ते इमारती व दळणवळण खात्याचे मंत्री झाले. १९६२ साली ते सावली मतदारसंघातून निवडून आले.

त्याच वर्षी चीनच्या आक्रमणात कृष्ण मेनन यांना संरक्षणमंत्रिपद सोडावे लागले, पंडित नेहरूंनी चव्हाणांना दिल्लीला बोलावले आणि काँग्रेस विधिमंडळ पक्षाने कन्नमवारांना नेता निवडले. २० नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांनी शपथ घेतली तेव्हा सीमेवर लढाई चालू होती. लगेचच चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. चव्हाण आणि पुढे अकरा वर्षे राज्य करणारे वसंतराव नाईक यांच्यामधला दुवा एवढीच त्यांची नोंद बहुतेक ठिकाणी सापडते. ती अपुरी आहे. युद्धानंतर संरक्षण उत्पादनाचे कारखाने महाराष्ट्रात यावेत यासाठी त्यांनी नेट लावला. वरोऱ्याहून चंद्रपूरकडे जाताना लागणाऱ्या भद्रावतीची आयुध निर्माणी आणि खानदेशातील वरणगावचा कारखाना यांच्या उभारणीचे श्रेय त्यांना दिले जाते.  शेती आणि जंगल एवढ्यावर जगणाऱ्या भद्रावतीच्या भागात कायम पगाराची नोकरी तिथल्या कारखान्याने आणली.

मुख्यमंत्री असतानाच, जेमतेम वर्षभरात, त्यांचे निधन झाले. पदावर असताना निधन पावलेले महाराष्ट्राचे ते एकमेव मुख्यमंत्री. त्यांच्या पत्नी गोपिकाबाई १९६४च्या पोटनिवडणुकीत चांद्यातून लोकसभेवर निवडून गेल्या.

मुंबईत विक्रोळीची बस ‘कन्नमवार नगर’ अशी पाटी लावून धावते; त्या वसाहतीतल्या किती जणांना हे नाव चांद्याच्या माणसाचे आहे हे ठाऊक असेल? चंद्रपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयालाही त्यांचे नाव आहे. जिल्ह्याचे ‘चंद्रपूर’ झाले, पण भद्रावतीच्या कारखान्याचे अधिकृत नाव दादासाहेबांच्या काळातलेच राहिले : आयुध निर्माणी, चांदा.