सैल होण्याची आज्ञा

पंगतीत बसलेला मनुष्य पहिला घास गिळतो, तेव्हा तो घास पोहोचण्यापूर्वीच त्याच्या जठराचा वरचा भाग सैल होऊ लागतो. एरवी आक्रसलेल्या त्या पिशवीत जेवण संपेपर्यंत लिटरभर, प्रसंगी त्याहूनही अधिक अन्न मावते आणि तरीही आतील दाब फारसा वाढत नाही. हे सैल होणे म्हणजे स्नायूची निव्वळ स्वस्थता, असे आपणांस वाटेल. वस्तुतः ती एक आज्ञा असते. आणि ती कोण पोहोचवितो, हे उमगण्यास सुमारे शंभर वर्षे लागली.

मेंदूकडून जठराकडे जाणारा व्हेगस हा मज्जातंतू जठराला आकुंचन पावावयास लावतो, हे पूर्वीच ठाऊक होते. 1898 साली केंब्रिज येथे लँगली यांनी अ‍ॅट्रोपिन देऊन आकुंचनाचा परिणाम दाबून टाकला व मग तोच तंतू उद्दीपित केला. तेव्हा जठर सैल झाले. 1911 साली हार्वर्डमध्ये कॅनन व लीब यांनी दाखविले की, प्रत्येक गिळण्यामागोमाग जठर शिथिल होते, आणि व्हेगस कापला तर ही स्वागतशीलता नाहीशी होते.

या तंतूचे मोल शस्त्रक्रियागृहात कळून आले. 1943 साली शिकागोचे ड्रॅगस्टेड यांनी जठरव्रणावर उपाय म्हणून व्हेगस कापण्यास आरंभ केला. आम्ल घटे, व्रण बरा होई. परंतु काही रोग्यांना चार घासांतच पोट तुडुंब झाल्यासारखे वाटे. आम्ल स्रवविण्याच्या आज्ञेबरोबर सैल होण्याची आज्ञाही तुटली होती.

ही आज्ञा नेणारे द्रव्य कोणते? तोवर परिचित असलेले दोन दूत म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीन व नॉरअ‍ॅड्रेनलीन. 1960 नंतरच्या दशकात मेलबर्न येथे बर्नस्टॉक व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले की, या दोघांची वाट अडविली तरी आतड्याचा स्नायू सैल होतोच. तेव्हा या तंतूंना ‘हाही नव्हे, तोही नव्हे’ अशा अर्थाचे नाव पडले. सरकारी दप्तरात ज्याचे खाते ठरत नाही, ते ‘इतर’ या सदराखाली जाते, तसेच हे!

1970 साली सामी सईद व व्हिक्टर मुट यांनी डुकराच्या आतड्यातून 28 अमिनो आम्लांचे एक पेप्टाइड वेगळे केले. रक्तवाहिन्या रुंदावणारे म्हणून त्याचे जे लांबलचक नाव ठेवले, त्याची आद्याक्षरे ‘व्हीआयपी’. आम्हां सरकारी नोकरांना ही अक्षरे निराळ्या कारणाने परिचित आहेत. व्हीआयपी येणार म्हटले की आमचे अंग आखडते. येथे मात्र तो आला की जठर सैल होते! पुढे हे पेप्टाइड जठर व आतड्यांच्या मज्जातंतूंतच आढळले. 1991 साली जॉन व्हेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी गिनीपिगच्या जठरात दुसरा दूत दाखविला. तो म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायू. वायू शिथिलतेला झटपट आरंभ करतो. पेप्टाइड ती टिकवून धरते, असे सामान्यतः मानले जाते.

थोडे खाताच पोट गच्च होते, अशी तक्रार करणाऱ्यास ‘हे सारे मनाचे खेळ’ म्हणून वाटेला लावण्याची आपली रीत जुनी आहे. अशा कित्येक रोग्यांचे जठर अन्न येताच पुरेसे सैल होत नाही, हे आता मोजून पाहता येते. त्यांची तक्रार खरी होती. ती नोंदविण्यास आपल्यापाशी सदर नव्हते, इतकेच.