गीत कोणाचे?

गेल्या कोजागिरीस आपल्या मंडळात भावगीतांचा कार्यक्रम झाला. निवेदकाने प्रत्येक गीताआधी मूळ गायकाचे नाव आदराने सांगितले. मध्यंतरात मसाला दुधाचा पेला हाती घेऊन एका वयोवृद्ध सभासदांनी सहज विचारले, "पण गीत कोणाचे?" चाल आम्हां सर्वांनाच पाठ होती, कवीचे नाव मात्र एकालाही सांगता येईना. या विस्मरणालाही एक इतिहास आहे आणि सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत तो थोडक्यात नोंदवावा, असे वाटते.

कवीच्या वहीतील कविता श्रोत्यांच्या कानी पडण्याचा मार्ग पूर्वी काव्यगायनाच्या बैठकीतून जात असे. १९२३ साली पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळातील यशवंत, गिरीश, माधव ज्यूलियन आदी कवी आपल्या कविता स्वतःच गाऊन दाखवीत. तेथे "गीत कोणाचे?" हा प्रश्नच उद्भवत नव्हता.

पुढे ध्वनिमुद्रिकेचे युग आले. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशी यांच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाली आणि घरोघरी पोचली. मराठी भावगीताच्या वाटचालीत या मुद्रिकेला आरंभीचे मानाचे स्थान दिले जाते. परंतु मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचेच गायन मावे. त्यामुळे धृपद आणि दोन-तीन कडवी हा गीताचा साचा ठरून गेला. आता कवी व श्रोता यांच्यामध्ये संगीतकार, गायक व कंपनी उभी राहिली आणि ओळख राहिली ती कानावर पडणाऱ्या आवाजाची.

आकाशवाणीने कवीला याहून मोठे दालन उघडून दिले. १९५५ च्या रामनवमीपासून पुणे केंद्रावरून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' आठवड्यास एक गीत या क्रमाने प्रसारित झाले. वर्षभरात ५६ गीते झाली. येथे गायक अनेक होते, तरी लोकांच्या मनात कवी आणि संगीतकार ही जोडी अक्षय राहिली. असे भाग्य मात्र विरळाच. शान्ता शेळके यांनी तर काही गीते 'वसंत अवसरे' या टोपणनावाने लिहिली. ती आवडीने ऐकणाऱ्या कितीजणांना खरी कवयित्री ठाऊक होती?

नावाची ही कथा, तर मोबदल्याची तिच्याहून निराळी नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने गीताला साहित्यकृती म्हणून संरक्षण दिले. गीतकार व संगीतकारांच्या हक्कांसाठी १९६९ साली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी स्थापन झाली. तथापि १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, विरुद्ध करार नसेल तर चित्रपटासाठी मोबदला देऊन लिहवून घेतलेल्या गीताचा हक्क निर्मात्याकडे जातो. गीत पुढे कितीही वाजो, गीतकाराला त्याचे काही मिळेलच अशी शाश्वती उरली नाही. ही उणीव भरून निघण्यास पस्तीस वर्षे लागली. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटगृहातील प्रदर्शन वगळता अन्य वापराच्या रॉयल्टीत गीतकाराला समान वाटा दिला. आपले वारस वा हक्क वसूल करणारी सोसायटी यांखेरीज कोणालाही तो आता लिहून देता येत नाही. राज्यसभेत या दुरुस्तीचा आग्रह धरणारे जावेद अख्तर स्वतः गीतकारच होते.

शासकीय सेवेत आयुष्य गेल्यामुळे कायद्याचे कलम वाचण्याची मला खोड आहे. याच कायद्यात एक सवलत आहे. हौशी मंडळाने प्रवेशमूल्य न घेता केलेल्या प्रयोगाने कॉपीराइटचा भंग होत नाही. म्हणजे आपल्या गणेशोत्सवात वा कोजागिरीस गायिलेल्या गीतांसाठी कायदा आपल्याकडून एक पैसाही मागत नाही.

मग आपण एवढे तरी करावे. महाराष्ट्रापासून शेकडो कोसांवर आपल्या मुलांच्या कानी मराठी पडते ती बव्हंशी या गीतांतूनच. ते शब्द ज्याने दिले त्याचे नाव गायकाच्या नावाआधी घ्यावे. यापुढील प्रत्येक कार्यक्रमपत्रिकेत गीताशेजारी कवीचे नाव छापले जावे, अशी कार्यकारिणीस माझी नम्र विनंती आहे. त्या वयोवृद्ध सभासदांच्या प्रश्नाचे आपण देणे लागतो.