ईमेल (पायथन पॅकेज)

ईमेल हे पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या प्रमाण लायब्ररीतील एक पॅकेज असून ईमेल संदेश वाचणे व रचणे हे त्याचे कार्य होय. संदेश पोहोचवण्याचे काम ते करीत नाही. बाइटांच्या सलग मालिकेतून प्रेषक, विषय, दिनांक व मजकूर वेगळे काढण्याच्या या क्रियेस पार्सिंग म्हणतात. व्याकरणातील पदच्छेदाशी तिचे नाते जवळचे आहे. मात्र येथे पदे चुकीच्या जागी तोडली गेल्यास पत्र भलत्याच्याच हाती पडू शकते.

इतिहास

बॅरी वॉर्सॉ यांच्या 'माइमलिब'मधून हे पॅकेज घडले व २००१ साली पायथन २.२ मध्ये समाविष्ट झाले. पायथन ३ मध्ये अक्षरे आणि बाइट हे दोन स्वतंत्र प्रकार झाल्याने त्याची मोठी अडचण झाली. बाइट वाचणारा पार्सर ३.२ या आवृत्तीत (२०११) आला.

देवनागरी विषय

आर.एफ.सी. २०४७ (१९९६) या मानकानुसार शीर्षभागातील सांकेतिक शब्द ७५ चिन्हांहून लांब नसावा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक वर्ण-चिन्ह तीन बाइट घेते. त्यामुळे बेस-६४ पद्धतीने एका सांकेतिक शब्दात फार तर १५ चिन्हे मावतात, आणि त्यांत काना, मात्रा, अनुस्वारही स्वतंत्रपणे मोजले जातात. साहजिकच लांब मराठी विषयाचे तुकडे होतात. लगतच्या तुकड्यांमधील मोकळी जागा वाचताना गाळली नाही, तर शब्द मधोमध दुभंगतो.

पत्त्यांचे पार्सिंग

सदोष संदेशापुढे हे पॅकेज सहसा अडून बसत नाही; दोष नोंदवते आणि पुढे जाते. पत्ता वेगळा काढणाऱ्या 'पार्सअ‍ॅडर' या फंक्शनमध्ये मात्र अशी नोंदही नव्हती. पत्त्यात '@' दोनदा आल्यास दुसऱ्यापासूनचा भाग ते मुकाट्याने गाळी.

फ्रेंच शासनाच्या 'चॅप' या संदेशसेवेत केवळ शासकीय पत्ता असणाऱ्यांनाच प्रवेश होता. एप्रिल २०१९ मध्ये एका सुरक्षा संशोधकाने आपल्या खासगी पत्त्यापुढे '@' देऊन राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाचा पत्ता जोडला. तपासणीत तो शासकीय ठरला, आणि पडताळणीचे पत्र खासगी पेटीत जाऊन पडले. त्याच वर्षी पायथनमध्ये हा दोष दूर करण्यात आला.

कंसासारख्या विशेष चिन्हांमुळेही चुकीचा भाग पत्ता म्हणून निवडला जातो, हे २०२३ मध्ये पुढे आले. ही दुरुस्ती सोपी नव्हती. पायथन ३.१२ च्या बीटा आवृत्तीतील पहिला प्रयत्न मागे घ्यावा लागला. कारण अवतरणचिन्हांतील नावात स्वल्पविराम असलेले, म्हणजे आडनाव आधी लिहिण्याच्या रीतीचे, रास्त पत्तेही त्यामुळे वाचले जाईनात. ३.१३ (२०२४) पासून सदोष पत्ते मुळातच नाकारले जातात. जुन्या प्रोग्रॅमसाठी ही कठोरता बंद ठेवण्याची सोय आहे.