कशेळीच्या सड्यावर, हत्तीच्या पोटात

गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर म्हशी यायच्या आत तुमची गाडी शिवाजी पुलावर आलेली असते. पंचगंगेवर अजून अंधार आहे. पुलाजवळची ब्रह्मपुरीची टेकडी रोज दिसते, म्हणून तिच्याकडं कुणी बघत नाही. आज बघा. दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळात, इथं नांदती वस्ती होती आणि त्या वस्तीत कुणाच्या तरी घरी पोसायडन होता. ग्रीकांचा समुद्रदेव, ब्राँझचा, हातात मावेल एवढा. १९४० च्या दशकात तो या टेकडीत सापडला आणि आता टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये उभा आहे. समुद्राचा देव डोंगरापलीकडं कसा आला? गलबतातून उतरला असणार, कुणाच्या तरी सामानातून घाट चढला असणार. तुम्ही त्याच दिशेनं उलटे निघालाय, आणि आज रस्ता जेवढा पुढं जाईल तेवढे तुम्ही मागं जाणार आहात.

वाघबीळ येईपर्यंत उजाडायला लागतं आणि पन्हाळ्याची काळी कड दिसते. तिथं तुम्ही १६६० सालात आहात. पावसाळ्याचे दिवस, गडाला सिद्दी जौहरचा वेढा, आणि राजापूरच्या वखारीतले इंग्रज आपल्या तोफा घेऊन घाट चढून जौहरच्या मदतीला आलेत. व्यापाऱ्यांनी नको त्या भानगडीत पडायचं ठरवलं होतं. पुढच्याच वर्षी, १६६१ मध्ये, शिवाजी महाराजांनी राजापूरवर जाऊन ती वखार लुटली आणि इंग्रजांना कैदेत टाकलं. शाळेत हा धडा सगळ्यांनी वाचलाय. पण कोल्हापूरपासून राजापूर किती जवळ आहे, हे त्या धड्यातून कुणाला कळलं होतं? बांबवडे, मलकापूर, येळवण जुगाई आणि मग अणुस्कुऱ्याची वळणं. घाटाच्या तोंडाशी गाडी थांबवून खाली बघितलं, की दोन्ही टोकं एकाच हाकेच्या टप्प्यात आहेत असं वाटतं.

पाचल आणि ओणीत थांबू नका. चहा राजापुरात घ्या.

राजापूरच्या पश्चिमेला जमीन एकदम सपाट होते. घाटावरच्या माणसाला कोकण म्हणजे माड, पोफळी आणि ओल एवढंच माहीत असतं; त्यामुळं सडा पहिल्यांदा बघितला की तो गप्प होतो. एप्रिलात हे वाळवंटच आहे, फक्त वाळूऐवजी दगडाचं. झाड नाही, सावली नाही, पाण्याचा थेंब नाही. मैलभर काळपट तांबडा कातळ, मध्येच वाळून पिवळं पडलेलं गवत, कडेला करवंदीची जाळी आणि गुरं अडवायला रचलेला गडगा. हा सगळा जांभा. लाखो वर्षं धो धो पाऊस आणि त्यावर कडक ऊन असं चालत राहिलं, खालच्या काळ्या दगडातलं विरघळणारं होतं ते वाहून गेलं आणि लोखंड, ॲल्युमिनियम मागं उरलं. वरचा थर उन्हावाऱ्यानं टणक झाला. त्याच्याखालचा जरा मऊ, म्हणून तो चिऱ्याच्या खाणीत कापतात आणि घरं बांधतात. हाच सडा जुलै-ऑगस्टात पाण्यानं भरतो, सीतेच्या आसवांनी जांभळा होतो, आणि मग इथं कधी वाळवंट होतं हे सांगूनही खरं वाटत नाही.

पहिली चढण देवाचे गोठणे इथली. खाली भार्गवरामाचं देऊळ, थंड, सारवल्या अंगणासारखी शांतता असलेलं. तिथून वर सड्यावर जायचं. चढ फार नाही, पण उभा आहे, आणि नऊ वाजले की ऊन मानेवर बसतं. वर पोचलात की समोर काहीच नाही. तुमच्याबरोबरचा मित्र कमरेवर हात ठेवून म्हणतो, "हितं तर कायच न्हाई की." त्याच्या बुटापासून चार पावलांवर एक माणूस आडवा पडलेला आहे. कातळात कोरलेला, पाय जुळवलेला, हात अंगालगत. एकदा दिसला की मग दिसतच राहतो.

इथं फोनमधलं होकायंत्र उघडा आणि फोन त्या माणसाच्या आसपास फिरवा. उत्तर दिशा भरकटते. साधं चुंबकी होकायंत्र आणलं असेल तर आणखी मजा, कारण त्याची सुई उघड्या डोळ्यांसमोर भलतीकडं वळते. कातळातल्या लोहामुळं असं होतं. ज्यांनी हे चित्र कोरलं त्यांना ते ठाऊक असण्याचा काही संबंध नाही, त्यांच्याकडं सुई कुठली? तरीही इथं आलेला प्रत्येक गट सुई बघून दहा मिनिटांत परग्रहवासीयांपर्यंत पोचतो. पोचू दे. पूर्वी गावकरी ही पांडवांची कामं म्हणायचे, त्यात निदान ओळखीची माणसं होती.

बारसूला जाताना सड्यावर थोडंच थांबा, पण थांबा. मधे एक माणूस आणि त्याच्या दोन्ही बाजूंना वाघासारखे दोन प्राणी, असं मोठं चित्र इथं आहे. मोहेंजोदडोच्या एका मुद्रेवर जवळपास अशीच मांडणी दिसते, म्हणून अभ्यासक या चित्राकडं पुन्हापुन्हा येतात. २०२३ च्या एप्रिलात याच माळावर रिफायनरीच्या माती परीक्षणाविरुद्ध बायका उन्हात आडव्या झाल्या होत्या, ते टीव्हीवर तुम्ही बघितलेलं आहे. तेव्हा पडद्यावर मागं जी रिकामी जमीन दिसत होती, ती ही. सरकारी कागदांत अशा जमिनीला पड म्हणायची पद्धत आहे.

दुपार राजापूर किंवा आडिवऱ्याच्या बाजूला कुठंतरी सावलीत काढा. भर दुपारी सड्यावर जाऊन उपयोग नाही. सूर्य डोक्यावर असताना कोरलेली रेघ नाहीशी होते, कारण तिला सावलीच पडत नाही. साडेचारनंतर ऊन तिरपं झालं, की बोटभर खोलीच्या खोबणीतसुद्धा काळोख भरतो आणि आकृत्या कातळातून उठून बसतात. याच उन्हानं सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांना मदत केली. रत्नागिरीच्या या मंडळींनी गुराख्यांना विचारत, सडेच्या सडे पायी तुडवत चित्रं शोधली. महामार्गाच्या कामात निवळीजवळ काही चित्रं आधीच उजेडात आली होती, पण पुढं जे सापडत गेलं त्याची कुणाला कल्पना नव्हती. आज आकडा दीड हजाराच्या वर गेलाय. २०२२ मध्ये त्यातल्या नऊ जागा युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेल्या : सात रत्नागिरी जिल्ह्यातल्या, एक सिंधुदुर्गातली कुडोपी आणि एक गोव्यातली. गुराख्यांना मात्र ती सगळी आधीपासून माहीत होती. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

आता कशेळी.

आधी कनकादित्याच्या देवळात जा, कारण इथं कोल्हापूरकराचं एक जुनं देणंघेणं आहे. तुम्ही इ. स. ११९१ मध्ये उभे आहात. पन्हाळ्यावर शिलाहार राजा दुसरा भोज बसलाय आणि त्यानं घाटाखालचं हे गाव धर्मकार्यासाठी दान दिलंय. शके १११३ चा तो ताम्रपट गावानं जपून ठेवला. त्या सकाळची कल्पना करा : पन्हाळ्याहून घाट उतरून आलेले कारकून, पालखी, घामेजलेले बैल, गावच्या शिवेवर उभी केलेली माणसं. शीव कुठून कुठपर्यंत, ते कुणीतरी हात करून दाखवतंय. पूर्वेला हे, पश्चिमेला समुद्र. राजा गाव देतोय, गावातली जमीन देतोय, झाडं देतोय. सड्याच्या कातळावर काय आहे ते त्या कारकुनाला कुणी सांगितलं असेल का? सांगितलं असतं तरी त्यानं कोणत्या सदरात घातलं असतं?

देवळाकडून सड्यावर या. चपला काढा. कातळ अजून तापलेला आहे, पाय भाजतील, तरी काढा. आकृत्यांवरून बूट घालून फिरणारे लोक बघितले की चिडचिड होते, आणि त्यातले बरेचसे आपल्याच बाजूचे असतात, हे मान्य केलेलं बरं.

"हत्ती कुठं हाय?" मित्र विचारतो. तुम्ही पायाशी बघता. एक मासा दिसतो, मुशीसारखा. पलीकडं पाकट, शेपटी लांब असलेलं. मग एक पक्षी. चार पायांचं काहीतरी. आणखी एक मासा. जिथं पाय टाकावा तिथं कुणीतरी आहे. हत्ती मात्र नाही. गडग्यापाशी उभे असलेले गावचे एक आजोबा हसत म्हणतात, "अहो, तुम्ही हत्तीच्या पोटातच उभे आहात."

अठरा मीटर लांब आणि तेरा मीटर रुंद. त्याच्या रेषेच्या आत सत्तरहून जास्त आकृत्या. तुम्ही रेघ धरून चालायला लागता. पाठ संपता संपत नाही. एके ठिकाणी वळण येतं, ते सोंडेचं की पायाचं हे चालून कळत नाही. ड्रोननं काढलेले फोटो बघितलेत म्हणून तुम्हाला हा हत्ती आहे हे माहीत आहे. जवळपास उंच टेकडी नाही, झाड नाही. मग ज्यांनी कोरला त्यांना तो कुठून दिसला?

ही चित्रं किती जुनी, याला एक आकडा नाही. दगडाचं वय काढता येतं, तो कधी खोदला ते काढणं अवघड. पण राज्य पुरातत्त्व विभागाचे तेजस गर्गे यांनी एक गोष्ट नेमकी टिपली होती : या चित्रांत शेतीचं काहीच दिसत नाही. प्राणी आहेत, मासे आहेत, अंगाप्रत्यंगाचे बारकावे आहेत, पण पेरणी नाही, नांगर नाही. म्हणजे शेती येण्याआधीची, शिकार करणारी आणि मासे धरणारी माणसं. दहा हजार वर्षांपर्यंत मागं जाणारा अंदाज त्यावरून बांधला जातो.

तर जा तितके मागं. इथून पुढचं सगळं अंदाजाचं.

पहिल्यांदा समुद्र जातो. आत्ता पश्चिमेला जी चमक दिसतेय ती विझते आणि तिथं जमीन येते, झाडी येते. वीस हजार वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा शंभरसव्वाशे मीटर खाली होता. तेव्हापासून तो चढतोच आहे, पण इथवर यायला त्याला अजून वेळ आहे. मासे धरून आणायचे तर लांब चालत जावं लागतं. मग मुशी आणि पाकट इतक्या नेमकेपणानं कोरणारी माणसं बरीच चालत असणार. गडगा जातो. काजू जातात, ते तर पोर्तुगिजांनी आणलेले. आंब्याच्या बागा जातात. सडा मात्र तसाच आहे, तितकाच तापलेला.

कानावर ठकठक येते. एक बाई उकिडवी बसून गारेच्या दगडानं कातळ टोचतेय. घाव घालत नाही, टोचतेय; एकाच जागी, सारखं, कंटाळा न करता. प्रत्येक ठोक्याला तांबडी भुकटी उडते, ती फुंकरीनं बाजूला करते. दगडाची धार गेली की तो टाकून दुसरा घेते. शेजारी अशा बोथट दगडांचा ढीग झालाय. ती तुम्हाला एक दगड देते. तुम्ही बसता. पन्नास ठोक्यांनंतर कातळावर पांढुरका ओरखडा उठलाय, शंभरानंतर नखाएवढी खळगी. डोळ्यात भुकटी गेलीय आणि मनगट दुखायला लागलंय. तुमच्यापुढं अख्खी पाठ पडलीय.

पण खरं काम ठोकण्याचं नाही, हे थोड्या वेळानं लक्षात येतं. लांब, तीसेक पावलांवर, एक म्हातारा उभा आहे आणि तो हात हलवून ओरडतोय. इकडं. नाही, तिकडं. थांब. तो ओरडला की बाई थोडी सरकते आणि पुढचा ठोका मारते. मधे एक पोरगा कोळशाच्या तुकड्यानं खूण करत पळतोय. अठरा मीटरचा हत्ती एकट्यानं कोरता येत नाही. कुणीतरी लांब उभं राहून सांगावं लागतं, आणि सांगणाऱ्याच्या डोक्यात तो आधीच पुरा असावा लागतो. म्हाताऱ्यानं हत्ती भरपूर बघितले असणार. तुम्हालाही ते अगदी परके नाहीत, चंदगड-आजऱ्याकडं ऊस खायला आलेल्या हत्तीचे व्हिडिओ तुमच्या फोनमध्ये आहेत.

म्हातारा पाणी प्यायला जातो आणि जाताना तुम्हाला त्याच्या जागी उभं करतो. काय करायचं ते तुम्हाला कळलंय. बाई मागं वळून बघते, दगड उचलून धरते : इथं? तुम्हाला वाटतं, सोंडेचं वळण जरा जास्त बाहेर जातंय. तुम्ही डावा हात हलवता. आत घे, आत. पोरगा तुमच्याकडं बघतो, मग बाईकडं बघतो. ती क्षणभर थांबते, तुमच्या हाताकडं नीट बघते आणि जिथं कोरत होती तिथंच पुढं ठोकायला लागते.