चानी, ठासणीची बंदूक आणि बावीसची रायफल

वसंतातली व्याख्याने देवगडात ठेवावयाची म्हणजे आंब्याच्या पेट्यांशी स्पर्धा करावयाची. चैत्र-वैशाखात इथला माणूस झाडावर तरी असतो, नाही तर पेटी भरण्यात तरी. म्हणून आम्ही विषयही बागेतलाच घेतला. बागेत मालकापेक्षा आधी कोण पोचते? वांदर, केलडी, वाघळे आणि आमची चानी. पुस्तकी मराठीत तिला खार म्हणतात. पाठीवर रामरायाची बोटे उमटलेली असल्यामुळे तिच्यावर हात उगारताना जुन्या माणसाचे मन जरा कचरते. पण कोवळ्या नारळाला भोक पाडून ती निघून गेली, म्हणजे तोच माणूस तिला शिव्या घालण्यात काही कमी करीत नाही.

या एवढ्याशा प्राण्याची शिकार कोणत्या बंदुकीने करावी, हा प्रश्न आपल्याकडे कोणी विचारलेला आम्हांस माहीत नाही. अमेरिकेत मात्र तो दीडदोनशे वर्षे मोठ्या निष्ठेने विचारला गेला आहे, आणि त्याच्या उत्तरातून एक सबंध शस्त्रविद्या उभी राहिली. तिकडे कुटुंबाच्या कुटुंबे खारीचे मांस खात. केंटकीच्या जंगलात लांब नळीची, बारीक गोळीची रायफल घेऊन माणूस निघे. त्याची अडचण अशी की, गोळी मोठी झाली तर खाण्याजोगे काही उरत नाही. ऑड्यूबन या पक्षिचित्रकाराने डॅनिअल बून याचे कसब वर्णिले आहे. बून खारीवर नेम धरीतच नसे. ती ज्या सालीला बिलगलेली असेल त्या सालीवर तिच्या अंगाशी गोळी मारी, आणि त्या धक्क्यानेच खार मरून खाली पडे. अशा नेमबाजांची किंमत सरकारलाही कळली. १८६२ च्या सप्टेंबरात यादवी युद्धात सिनसिनाटी शहरावर संकट आले, तेव्हा ओहायोचे हजारो खेडूत घरची बंदूक घेऊन धावून आले. इतिहासात त्यांचे नाव ‘खारीचे शिकारी’ असेच राहिले.

पुढे काडतूस आले. १८४५ च्या सुमारास फ्रान्समध्ये फ्लोबेर याने दिवाणखान्यातल्या नेमबाजीसाठी एक चिमुकले काडतूस काढले. १८५७ मध्ये स्मिथ आणि वेसन यांनी त्यात दारू भरून ते खिशातल्या पिस्तुलासाठी विकावयास काढले. याच्या बुडाची कडच पोकळ असते आणि ठिणगीचा मसाला त्या कडेत बसवलेला असतो. चाप ओढला की खिळा कडेवर आपटतो, मसाला पेटतो, दारू पेटते. मधोमध निराळी टोपी बसविण्याचा खटाटोप नाही, त्यामुळे काडतूस अतिशय स्वस्त पडते. मात्र कड पातळच ठेवावी लागते, नाही तर ती चेपणार नाही. म्हणून यात मोठा जोर कोंडता येत नाही. १८८७ मध्ये स्टीव्हन्स कंपनीच्या हातून या काडतुसाला आजचे रूप मिळाले. नळीचे तोंड इंचाचे बावीस शतांश, गोळी सुमारे चाळीस ग्रेनची, म्हणजे पाव तोळ्याहूनही हलकी, आणि वेग सेकंदाला हजार ते साडेबाराशे फूट. जगात याच्याइतके दुसरे काडतूस क्वचितच खपले असेल.

खारीच्या शिकाऱ्याचे शास्त्र येथून सुरू होते. भरीव शिशाची गोळी घ्यावी की टोकाला खळगा असलेली? खळग्याची गोळी अंगात फुटते, प्राणी जागच्या जागी मरतो, पण मांस नासते. भरीव गोळी डोक्यात बसली तरच ठीक, पोटात बसली तर जनावर ढोलीत जाऊन तडफडत मरते. ध्वनीपेक्षा मंद गोळी घेतली तर आवाज कमी, आणि दुसरी खार पळत नाही. वेगवान घेतली तर लांबचा नेम कमी खाली उतरतो. शिवाय प्रत्येक नळीचा स्वभाव वेगळा. एकाच कारखान्याच्या दोन रायफली एकाच पेटीतल्या गोळ्यांनी सारखा नेम देत नाहीत. म्हणून चारपाच जातींची काडतुसे आणून, पन्नास यार्डांवर कागद लावून, रायफलीला कोणते मानवते ते पाहावे आणि मग त्यालाच चिकटून राहावे, असा जाणत्यांचा सल्ला. आणखी एक गोष्ट ते बजावून सांगतात. झाडाच्या शेंड्याकडे मारलेली गोळी चुकली तर मैलभर पलीकडे जाऊनही माणूस जखमी करू शकते. खारीमागे खोड किंवा डोंगर नसेल, तर चाप ओढू नये.

आता प्रश्न असा की, जी वस्तू इतकी स्वस्त, इतकी नेमकी, ती कोकणच्या वाडीत का आली नाही? गरिबी हे एक उत्तर आहे, पण पुरे नाही. खरे उत्तर दप्तरात आहे.

आंग्र्यांनी १७०५ मध्ये बांधलेला हा आमचा देवगड १८१८ च्या एप्रिलात कर्नल इमलॅकने घेतला. किल्ला गेला तरी घरोघरच्या बंदुका लगेच गेल्या नाहीत. १८४४ साली कोल्हापुरात गडकऱ्यांचे बंड झाले, त्याचा वणवा सावंतवाडीत पसरला, आणि मनोहर-मनसंतोषगड घेण्यास सरकारला १८४५ उजाडले. जंगलात बंदूक असलेला माणूस काय करतो, हे इंग्रजांनी आमच्याच मुलखात पाहिले होते. १८५७ नंतर त्यांनी देशभर शस्त्रे काढून घेण्याचा सपाटा लावला आणि १८७८ च्या कायद्याने परवान्यावाचून हत्यार बाळगणे हा गुन्हा ठरविला. गोऱ्या माणसास मात्र त्यातून सूट! अपवाद होता तो कूर्गच्या कोडवांचा. ते १८५७ मध्ये सरकारशी राजीखुशीने वागले, म्हणून १८६१ पासून त्यांना मोकळीक मिळाली. तिकडे घरात बंदूक म्हणजे कुलाचार, इकडे बंदूक म्हणजे कचेरीचे हेलपाटे. सह्याद्री एकच, जनावरेही तीच, फरक पडला तो केवळ सरकारच्या विश्वासाचा.

स्वराज्यात नवा कायदा झाला, १९५९ चा. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्याचे तेरावे कलम मुद्दाम वाचण्यासारखे आहे. २०१९ पर्यंत त्यात असे होते की, बावीसची रायफल मागावी ती मान्यताप्राप्त नेमबाजी संस्थेच्या सभासदाने, निशाणावर सराव करण्यासाठी. पीक राखावयाचे असेल त्याने मागावी ठासणीची बंदूक. ठासणीची पुरत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते. आटे पाडलेल्या नळीची रायफल नव्हे. म्हणजे अमेरिकेतल्या शिकाऱ्याने जी निवड शंभर वर्षे वाद घालून केली, ती आमच्याकडे एका कलमाने केली, आणि नेमकी उलट केली. याला कारण नाही असे नाही. ठासणीची बंदूक एका बारानंतर काठीच्या लायकीची होते, पुन्हा भरावयास वेळ लागतो, आणि सरकारला तेच हवे असते. आमच्या मते सुरक्षिततेच्या दृष्टीने हा विचार अगदीच चुकीचा नव्हता. पण त्यात शेतकऱ्याच्या सोयीचा विचार फार थोडा होता. गंमत अशी की, इथल्याच घरातला मुलगा एन. सी. सी. च्या शिबिरात जातो, बावीसच्या रायफलीने कागदावर गोळ्या झाडतो, शाबासकी घेतो, आणि घरी येऊन बापाच्या हातात ठासणीची पाहतो.

ही ठासणीची भरताना आम्ही पाहिली आहे. तोंडातून दारू ओतावयाची, वर नारळाच्या सोडणाचा बोळा गजाने ठासावयाचा, मग छर्रे, पुन्हा बोळा. घोडा अर्धा चढवून खाली केप बसवावयाची. पावसाळी हवेत दारू सर्दावते, केप फुसकी निघते. बार उडाला तर धुराने पुढचे काही दिसत नाही. छर्रे फाकतात, डुकरावर ते काही कामाचे असतील, पण माडावरच्या चानीवर टाकले तर चानी राहते बाजूला आणि पेंडीतल्या चार कोवळ्या नारळांना भोके पडतात. एका म्हाताऱ्या बागवाल्यास आम्ही विचारले की, चानीवर कधी बार टाकला होता काय. तो हसला. “चानयेक कोण बार घालता? एका बाराक जितके पैशे जातत, तितक्यात दोन नारळ येतत,” असा त्याचा हिशेब होता. त्याची बंदूक वर्षातून दोनतीनदा वाजे, तीही आकाशाकडे तोंड करून, वांदरांचा कळप बिचकावा म्हणून.

घाटाकडे, फोंड्याच्या वर दाजीपूरच्या रानात, चानीचा थोरला भाऊ शेकरू राहतो. त्याची गोष्ट निराळी. मांसासाठी त्याच्यावर बंदुका चालल्या, आणि झाडावरून झाडावर उडी टाकावयास सलग रान न उरल्यामुळे तो आणखी आटला. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण दिले. १९९१ च्या दुरुस्तीने हौशी शिकारीचे परवाने बंदच झाले. आज शेकरू महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. तेव्हा या देशात खारीसाठी रायफल निवडण्याचा प्रश्न आता इतिहासाचाच झाला.

बागवाल्याचा प्रश्न मात्र इतिहासजमा झालेला नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागली, म्हणजे परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याचा हुकूम पुष्कळांना येतो. लोकसभेची निवडणूक २०१९ मध्ये एप्रिलात झाली, २०२४ मध्ये आमच्याकडे मतदान ७ मे रोजी झाले. म्हणजे हापूस झाडावर आणि बंदूक ठाण्यात. त्या म्हाताऱ्याची बंदूकही अशीच गेली होती. त्या महिनाभर त्याने काय केले, असे विचारता तो उठला, पडवीतून पत्र्याचा रिकामा डबा आणि एक दांडा घेऊन आला, आणि आमच्यासमोर डबा वाजवून दाखविला. वरच्या फांदीवर एक चानी होती. ती क्षणभर थांबली आणि मग कैरीकडे वळली.