डोक्याला मार आणि जुना केसपेपर

आजचा भाग छोटा आहे, पण अंबरनाथ पूर्वेतून रोज लोकलच्या दाराला लटकणाऱ्यांनी नक्की ऐका.

मार्च १९६२, बार्बाडोस. चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर आदळला, कवटी फुटली. रक्त दिलं ते समोरच्या संघाच्या फ्रँक वॉरेलने, आणि आपल्या चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर यांनी. जीव वाचला, कसोटी कारकीर्द संपली. आपण गोष्ट तिथेच थांबवतो. डॉक्टर मंडळीही बराच काळ तिथेच थांबत होती.

म्हणजे १९२८ मध्येच अमेरिकेत हॅरिसन मार्टलँडने लिहून ठेवलं होतं की ठोसे खाऊन खाऊन काही बॉक्सर अडखळत चालतात, पुढे बुद्धी मंदावते. पण तो बॉक्सरांचा आजार ठरला. आयुष्यात एकदाच आपटलेल्या माणसाचं काय? ते शोधायचं तर पन्नास वर्षांपूर्वीची नोंद हवी. विसरायला लागलेल्या माणसालाच "तरुणपणी डोक्याला लागलं होतं का?" विचारून काय मिळणार!

ती नोंद लष्कराकडे होती. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन नौसैनिकांचे इस्पितळातले कागद काढून ब्रेंडा प्लासमन यांच्या गटाने २००० साली दाखवलं: मध्यम दुखापत झालेल्यांत म्हातारपणी डिमेन्शियाचा धोका दुपटीहून जास्त, गंभीर दुखापतीत चौपटीहून जास्त. किरकोळ माराबद्दल चित्र स्पष्ट झालं नाही. मग २०१८ मध्ये डेन्मार्क. सुमारे २८ लाख लोकांच्या सरकारी नोंदी जोडल्या (आम्हा कोडवाल्यांच्या भाषेत, दोन टेबलांचा जॉइन), धोका २४ टक्क्यांनी जास्त निघाला. २०२० मध्ये लॅन्सेट आयोगाने डोक्याची दुखापत टाळता येण्याजोग्या कारणांत धरली. मार्टलँडनंतर ९२ वर्षांनी!

धोका म्हणजे विधिलिखित नाही हं. कॉन्ट्रॅक्टर ऐंशी ओलांडल्यावरही मुलाखतींत त्या दौऱ्याच्या आठवणी सांगत होते. डोक्यातली धातूची पट्टी २०२२ मध्ये काढली.

आपल्याकडे दारातून पडलेला माणूस टाके घालून घरी येतो आणि केसपेपर रद्दीत जातो. त्या कागदाचा फोटो काढून ठेवा. आणखी एक: घरातलं म्हातारं माणूस पडल्यानंतर काही आठवड्यांत विसरायला, गोंधळायला लागलं, तर "वय झालं" म्हणून सोडू नका. कवटीखाली हळूहळू रक्त साचलेलं असू शकतं. ते सीटी स्कॅनमध्ये दिसतं, आणि बहुतेकदा ऑपरेशनने काढता येतं.