स्थलमुक्तीचें स्वप्न आणि सिंहलद्वीप

१९६४ सालीं लंडनच्या बी. बी. सी.च्या दूरचित्रवाणीवर एका इंग्रज लेखकानें एक भाकीत केलें. कदाचित् पन्नास वर्षांतच असा काळ येईल, कीं जो उद्योग मनुष्य लंडनमध्यें बसून करतो, तोच त्याला ताहिती किंवा बाली बेटावरूनहि तितक्याच सुलभपणें करतां येईल! भाकीत करणारे आर्थर क्लार्क हे केवळ कल्पनाविहारी नव्हते. पृथ्वीपासून सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवर, तिच्या फिरण्याशीं गति जुळवून तीन उपग्रह ठेवले, तर बहुतेक साऱ्या जगाला संदेश पोंचवितां येतील, हा विचार त्यांनीं १९४५ सालींच मांडला होता. शिवाय १९५६ पासून ते स्वतः सिलोनांत राहून लेखन करीत होते; त्यांचे प्रकाशक मात्र लंडन-न्यूयॉर्ककडे.

कोलंबो त्यांनीं प्रथम पाहिलें तें १९५४ च्या डिसेंबरांत, ऑस्ट्रेलियाला जातांना बोट थांबली तेव्हां. पुढें त्यांना तेथें खिळवून ठेवलें तें समुद्रानें. १९६१ सालीं त्यांच्या सोबत्यांना ग्रेट बासेस खडकांजवळ एका बुडालेल्या जहाजांत रुपयांच्या राशी सांपडल्या. ते रुपये औरंगजेबाच्या अमदानींत सुरतेच्या टांकसाळींत पाडलेले होते! त्या जहाजाच्या काळीं माल, माणूस आणि निरोप हे तिन्ही वाऱ्याच्याच मर्जीनें जात. क्लार्क यांच्या काळीं निरोप तारेनें जाऊं लागला होता. पण ग्रंथाचें हस्तलिखित टपालाच्या पिशवींतूनच जाई.

१९७५ सालीं भारतीय अंतराळ-संशोधन संस्थेनें अमेरिकेचा उपग्रह उसना घेऊन सुमारें २,४०० खेड्यांना दूरचित्रवाणीचे कार्यक्रम दाखविले. त्या वेळीं भारतीय यंत्रज्ञांनीं क्लार्क यांच्या कोलंबोच्या घरींहि ग्राहक तबकडी उभारून दिली. पुढें १९८३ सालीं त्यांच्या कादंबरीवरील चित्रपटासाठीं लॉस एंजेलिसचे दिग्दर्शक पीटर हायम्स यांच्याशीं त्यांचा विचारविनिमय सुरू झाला, तो संगणक आणि टेलिफोनची तार यांच्या द्वारें. दोन्ही शहरांच्या घड्याळांत बारा तासांहून अधिक अंतर. एकानें झोंपण्यापूर्वीं मजकूर पाठवावा, दुसऱ्यानें सकाळीं उठून तो वाचावा. भाकीत करणाऱ्याच्याच टेबलावर भाकीत खरें ठरलें.

परंतु त्याच वर्षाच्या जुलै महिन्यांत त्याच कोलंबो शहरांत तामिळ लोकांचीं घरें व दुकानें जाळण्यांत आलीं. शेंकडों माणसें मारलीं गेलीं. हजारों कुटुंबें निर्वासित होऊन देशोधडीला लागलीं. पिढ्यान् पिढ्या तेथें राहिलेल्यांना पाय ठेवावयास जागा उरली नाहीं, आणि दुरून आलेल्या पाहुण्याचे शब्द मात्र निर्वेध सातासमुद्रांपार जात राहिले. ह्यांत पाहुण्याचा दोष कोणता? कांहींच नाहीं. पण ह्या विरोधांतूनच इतिहासाचा धडा दिसतो. तारेनें अंतर मिटतें, स्थळ मिटत नाहीं. परकीय निवाशांना बाहेरच्या उत्पन्नावर करांत सवलत देणारी योजना लंकेच्या सरकारनें १९७० नंतरच्या दशकांत केली नसती, तर क्लार्क यांचें वास्तव्य इतकें सुखाचें झालें असतें काय?

१९९७ सालीं माकिमोतो आणि मॅनर्स ह्या लेखकद्वयानें ‘डिजिटल नोमॅड’ हें नांव एका ग्रंथाच्या मथळ्यावर घातलें. पुढें बालींतील उबुद गांवीं, भाकितांतली पन्नास वर्षें भरत आलीं असतां, असे भटके कारागीर खरोखरच संगणक मांडून बसले. आणि २०२४ सालीं इंडोनेशियानें त्यांच्यासाठीं निराळा परवाना काढला. त्याला उत्पन्नाची अट आहे. म्हणजे दार आजहि यजमानाच्याच हातीं आहे, आणि तें पाहुण्याची मिळकत पाहून उघडतें.

क्लार्क २००८ सालीं कोलंबोंतच वारले आणि तेथेंच त्यांचें दफन झालें. अर्धशतकाहून अधिक काळ ज्या भूमीनें त्यांना आसरा दिला, तिच्याच कुशींत ते विसावले. १९८३ सालीं घर सोडून गेलेल्या कित्येकांच्या नशिबीं मात्र त्या भूमीचें पुन्हां दर्शनहि नव्हतें.